सागिमानची उत्तर

आमच्या जोगजा गावात कुणी उजवं-डावं करत नाही. पंगतीत करत असतील, रस्त्यावर नाही. रस्ता विचारलात तर अंगठा पुढे करून सांगतील, उत्तरेला जा, वडापाशी पूर्वेला वळा, दक्षिणेकडे तोंड असलेलं घर. घरात तरी वेगळं काय आहे? पाठ खाजवून घेताना नवरा बायकोला सांगतो, जरा पश्चिमेला. बाकावर जागा हवी असली की म्हणायचं, थोडं उत्तरेला सरका. उत्तरेला मेरापीचा डोंगर, दक्षिणेला समुद्र, मधोमध राजवाडा आणि त्याच्या आसपास आम्ही. पोराला धड चालता येण्याआधी एवढं कळतं. म्हणून एखाद्याला अक्कल नाही म्हणायचं असलं की आम्ही म्हणतो, त्याला उत्तर-दक्षिण कळत नाही. म्हातारं माणूस चळलं म्हणायचं असलं तरी हेच.

हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे सागिमानची गोष्ट सांगताना मला दर वाक्याला थांबायला नको.

सागिमान आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलरिक्षा लावतो. आमच्या रिक्षात उतारू पुढे बसतो आणि हाकणारा मागे, त्यामुळे हाकणाऱ्याचं तोंड दिसत नाही, नुसता खोकला ऐकू येतो. सागिमानचा खोकला लवंगांच्या सिगारेटचा आहे आणि तो चढावर वाढतो. मी शाळेत भूगोल शिकवत होते तेव्हापासून त्याच्याच रिक्षाने जाते, त्यामुळे मला त्याचा चेहरा कमी आणि खोकला जास्त ओळखीचा. बाकीच्यांनी आपापल्या रिक्षांना मोटारी लावून घेतल्या. याने लावली नाही. मी एकदा टोकलं तर म्हणाला, "मोटार लावल्यावर पाय काय शोभेला ठेवायचे, बाई?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला उत्तर नसलं की राग येतो, म्हणून तो दिवस मला नीट आठवतो.

बोलायला कमी, पण हट्टी. त्याच्या लग्नाचीच गोष्ट घ्या. पोनिराचं घर त्याच्या आईच्या घरापासून वायव्येला पडत होतं, आणि वायव्येच्या घरातली मुलगी आमच्याकडे करत नाहीत, घराण्याचं वाईट होतं म्हणे. आई अडून बसली. सागिमान वाद घालायला गेला नाही, रडला नाही, पळूनही गेला नाही. त्याने आपली वळकटी उचलली आणि पार उत्तरेकडच्या एका खोलीत भाड्याने जाऊन राहिला. तिथून मोजलं तर पोनिराचं घर नैर्ऋत्येला येत होतं. आई लग्नाला आली, पोटभर जेवलीही. दिशा चुकत असेल तर आपण सरकायचं, असा त्याचा साधा हिशोब. पोनिरा गेली कित्येक वर्षं सकाळी घराच्या ओट्यावर फणसाची गोड भाजी आणि भात विकते, आणि गिऱ्हाइकाला वाढता वाढता सांगते की या माणसाने माझ्यासाठी एकच गोष्ट केली, तीही भाड्याच्या खोलीत.

त्यांची लेक विनार्नी सेमारांगला दिली आहे. ती एका औषधांच्या दुकानात हिशोब बघते, नवऱ्याकडे गाडी आहे, घराला एक जास्तीची खोली आहे. ती खोली आईबापांसाठी आहे हे तिने खोलीला रंग लावायच्या आधीपासून सांगितलं होतं. गेल्या वर्षी तिला मुलगा झाला तेव्हा जावई गाडी घेऊन आला आणि दोघांना घेऊन गेला. चार महिने राहिले. परत आल्यावर पोनिराने सांगितलं की लेक सोडायलाच तयार नव्हती. शेवटी म्हणाली, जा, पण बाबांचं वय झालंय. तुमच्या दोघांचं काही म्हणता काही चुकलेलं दिसलं तर मी विचारणार नाही, गाडी घेऊन येईन. हे ऐकून सागिमानने सिगारेट पेटवली. लेकीच्या घरी पाहुणा म्हणून जाणं वेगळं आणि सामान म्हणून जाणं वेगळं, एवढंच तो म्हणाला.

परतल्यानंतर थोड्या दिवसांनी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. डॉक्टर पांढऱ्या मनोऱ्याच्या उत्तरेला बसतो. मी रिक्षात बसले, उत्तरेला चला म्हटलं आणि पिशवीत जुना चष्मा शोधू लागले. मान वर केली तर समोर राजवाड्याचं मैदान. म्हणजे आम्ही नेमके उलटे, दक्षिणेला आलो होतो. मला वाटलं, वाटेत त्याचं काही काम असेल. विचारलं तर मागून नुसता खोकला. दोनदा विचारलं तेव्हा तो उतरला, रिक्षाच्या पुढे आला आणि हात बांधून उभा राहिला. आमच्याकडची माणसं पंचाईत झाली की हसतात. तो हसत होता.

"बाई, मेरापी कुठे आहे?"

मी म्हटलं, "माझ्या पाठीशी, तुमच्या समोर. जाणार कुठे?"

त्याने माझ्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं, मीही वळले. सकाळ स्वच्छ होती, डोंगर रस्त्याच्या टोकाला जागच्या जागी बसला होता, डोक्यावर नेहमीचा धूर.

"म्हणजे दक्षिणेला," तो म्हणाला.

मला वाटलं, थट्टा करतोय. पण सागिमान थट्टा करत नाही, ते खातं पोनिराकडे आहे. मग तिथेच वडाखाली बसून त्याने सगळं सांगितलं. जाताना गाडी लागू नये म्हणून त्याने गोळी घेतली होती, त्यामुळे तो वाटभर झोपला. जागा झाला तो लेकीच्या अंगणात, आणि समोर डोंगर. डोंगर म्हणजे उत्तर. पण सेमारांग आमच्या अगदी उलटं आहे; तिथे समुद्र उत्तरेला आणि डोंगर दक्षिणेला. याला सूर्य रोज पश्चिमेला उगवताना दिसे. त्याला वाटलं, परक्या गावाची रीत असेल. मग लेक हात धुऊन पाठीस लागली. रोज सकाळी बापाला अंगणात उभं करून डोंगराकडे तोंड करायला लावायची आणि म्हणवून घ्यायची, ही दक्षिण. सुरुवातीला तो फक्त तोंडाने म्हणे. मग एक दिवस पोटाला पटलं. त्याला बरं वाटलं, इतक्या वयात नवं काही शिकलो म्हणून. येताना पुन्हा गोळी घेतली, पुन्हा झोपला, आणि जोगजात डोळे उघडले तेव्हा समोर डोंगर.

"आणि पोट म्हणालं, दक्षिण," मी म्हटलं.

"अजून म्हणतंय."

आयुष्यात एक गोष्ट शिकला, ती चुकीच्या गावासाठी.

माझा स्वभाव असा आहे की अडचण दिसली की मला दम निघत नाही. मी सांगितलं, सूर्य उगवतो ती पूर्व, त्याच्याकडे तोंड करा, डावा हात उत्तर, संपलं. तो शांतपणे म्हणाला, "ते ठाऊक आहे, बाई. ठाऊक असून भागत नाही." मी घरातलं होकायंत्र शोधून आणलं. त्याने काट्याकडे खूप वेळ पाहिलं, आदराने परत दिलं आणि म्हणाला, हाही बिचारा मेरापीकडेच बघतोय. म्हणजे काट्याची चूक नव्हती, त्याचीही नव्हती, आणि तरी दोघांचं जमत नव्हतं. इतकी वर्षं मी मुलींना दिशा शिकवल्या. दिशा डोक्यात असतात की पोटात, हा प्रश्न एकाही परीक्षेत आला नाही.

त्याची एकच विनंती होती, पोनिराला कळू देऊ नका. तिला कळलं तर विनार्नीला कळणार, आणि विनार्नीला कळलं की गाडी येणार. बाप चळला, उत्तर-दक्षिण कळेनासं झालं, याहून मोठा पुरावा तिला कशाला हवा? मी कबूल केलं. खोटं बोलायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. ते मला जास्त कठीण जातं.

घरात त्याचं निभावत होतं. घर लहान, भिंती ओळखीच्या. मशिदीत सगळे तोंड करतात तिकडे करायचं. घरी नमाजाला उभं राहायचं तर कपाटाकडे तोंड. पण धंद्याचं काय? उतारू बसतो आणि म्हणतो, दक्षिणेला, मग पूर्वेला. सागिमान प्रत्येक शब्द मनात उलटा करून घेई, उत्तर म्हणजे दक्षिण, पूर्व म्हणजे पश्चिम, आणि मधेच कुत्रं आडवं आलं की कितीदा उलटं केलं हे विसरून जाई. दोनदा उलटं केलं की पुन्हा सुलटं होतं, हे गणित चालत्या रिक्षात करून बघा. एक बाई बाजाराला म्हणून बसली ती कबरस्तानाच्या दारात उतरली. ती पुन्हा त्याच्या रिक्षात बसली नाही.

मी त्याला उजवं-डावं शिकवायला घेतलं. हे आमच्याकडे फार हलकं वाटतं. डावा हात कुणापुढे करायचा नसतो आणि रस्त्याला डावं म्हणायचं म्हणजे रस्त्याचा अपमान केल्यासारखं. त्यात सागिमानला ते कधी लागलंच नव्हतं. भात कुठल्या हाताने खाता, म्हटलं की तो उजवा हात बघायचा. मग माझ्याकडे तोंड करायचा आणि म्हणायचा, पण आता हा तुमच्या डाव्या अंगाला आला, बाई, मग हा उजवा कसा राहिला? माणूस वळला की उजवं-डावं वळतं. असल्या फिरत्या गोष्टीवर गाव कसं चालवायचं, असं तो विचारी. मला ते पटलं, आणि पटलं म्हणून मी आणखी चिडले.

याच सुमारास माझ्याकडे योरिस राहायला आला. हॉलंडचा तरुण, उंच, उन्हाने टोमॅटोसारखा लाल, आमच्या गावाबद्दल घरी लिहून पाठवणारा. माझ्या मागच्या खोलीत असे कुणी ना कुणी येत-जात असतात. योरिसला आमची भाषा बरी येत होती, पण दिशा येत नव्हत्या; त्याला उजवं आणि डावं एवढंच येत होतं, आणि ते तो हात लांब करून दाखवायचा. मला एकदम सुचलं. मी त्याला सागिमानच्या रिक्षात बसवला. हात जिकडे तिकडे वळायचं, यात दिशेचा प्रश्नच नाही. सागिमानला तो इतका आवडला की त्याने योरिससाठी गादीला नवा अभ्रा घातला.

पण योरिसला कुठे जायचं हे योरिसलाच ठाऊक नसे. तो म्हणायचा, तुम्ही न्याल तिकडे. मग दोघंही हरवत. संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून योरिस आपण काय लिहिलं ते सांगायचा आणि मला ते ऐकून घ्यावं लागायचं. या शहरात कुणाला पोचायची घाई नाही, असं त्याने लिहिलं होतं. माझा चालक रोज मला नव्या वाटेने नेतो. एकाच गल्लीतून तीनदा नेतो, म्हणजे मला ती नीट दिसावी. कुठे चाललोय विचारलं तर हसतो. इथली माणसं मुक्कामापेक्षा वाटेला मान देतात. मी चहा ढवळत राहिले. त्या बिचाऱ्याला वाट सापडत नाही, हे सांगायची सोय नव्हती, आणि न सांगता हे तत्त्वज्ञान गिळायचं म्हणजे माझ्यासारखीला फार. मी एवढंच म्हटलं की इथली काही माणसं वेळेवर पोचतात.

नवल असं की सागिमानही तसंच बोलू लागला. उत्तर गेल्यावर त्याला खुणांवर चालावं लागत होतं, आणि खुणा लक्षात ठेवायच्या म्हणजे बघावं लागतं. एकदा मला बँकेत नेताना त्याने मागून सांगायला सुरुवात केली. या गल्लीत एक माणूस सकाळी कबुतराचा पिंजरा उंच काठीला टांगतो आणि स्वतः खाली खुर्चीत झोपतो. त्या पंक्चरवाल्याच्या दुकानात तीन घड्याळं आहेत आणि तिन्ही वेगळी. शाळेच्या भिंतीवर कुणीतरी हिरवा हत्ती काढलाय, त्याला पाच पाय आहेत. सोयाबीनच्या वड्या तळणारी बाई डावखुरी आहे, हे त्याला परवा कळलं. तिच्याकडून तो तरुणपणापासून वड्या खातोय.

"मी इतकी वर्षं ही गल्ली पाहिलीच नव्हती," तो म्हणाला. "नुसता पूर्वेला वळत होतो."

आनंदाने म्हणाला की दुःखाने, हे मला मागे न बघता कळेना. वळून पाहिलं तरी कळलं नाही. प्रवाशासारखा चेहरा होता. म्हणजे थोडा खूश, थोडा घाबरलेला, आणि लघवी कुठे करायची हे ठाऊक नसलेला.

मी तरी सोडणार नव्हते. गल्लीतल्या म्हाताऱ्या सुईणीला मी नाव न घेता विचारलं. ती म्हणाली, झोपेत शिरला म्हणून दिशा दाराबाहेर राहिली. त्याला गावाबाहेर ने आणि उघड्या डोळ्यांनी आत आण. मला अशा गोष्टींवर विश्वास नाही. पण माझ्या होकायंत्राने तरी कुठे काही झालं होतं? आम्ही बसने मुंतिलान गावापर्यंत गेलो. पोनिराला सांगितलं, मला तिथे बहिणीला भेटायचंय. तिथे मेरापी पूर्वेला दिसतो, आणि सागिमानने उतरल्या उतरल्या अंगठा करून सांगितलं, ही पूर्व, ही उत्तर, सगळं बरोबर. माझा तर ऊर भरून आला. परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी ताठ बसला, पापणी लववेना. मी दर थोड्या वेळाने विचारी, उत्तर कुठे? तो बरोबर दाखवी. गावात शिरताना नदीवरचा पूल लागतो. पूल ओलांडला आणि त्याने सीट घट्ट धरली.

"काय झालं?"

"उलटलं," तो म्हणाला. "तव्यावर घावन उलटावं तसं. सगळं गाव."

डोळे उघडे होते, मी शेजारी बसले होते, बाहेर लख्ख ऊन होतं. मला काही दिसलं नाही. पण खरं सांगते, त्या क्षणी मीसुद्धा एकदा खिडकीबाहेर पाहून खात्री करून घेतली. आणि त्यानंतर दोन दिवस मी वळणावर पाऊल टाकण्याआधी थांबत होते. असला आजार ऐकून ऐकून लागतो की काय, कोण जाणे.

उपासाच्या महिन्याआधी आमच्याकडे वाडवडिलांच्या थडग्यांची झाडलोट करतात आणि गल्लीची एक पंगत होते. बाहेरगावची लेकरं त्याला येतात. विनार्नी आली, जावई आला, बाळ आलं. सागिमानने मला सकाळीच येऊन विचारलं की आज मी कुठे बसू. मी त्याला पढवून ठेवलं, पंगत कासिदीच्या घरी आहे, आत गेल्यावर घड्याळाखाली बसा, उठू नका, कुणाला काही विचारू नका. कासिदी म्हणजे आमच्या गल्लीचा मुख्य. त्याला माणसं हलवण्याची फार हौस आहे.

पुरुष सतरंजीवर बसले होते, बायका स्वयंपाकघराच्या दाराशी. मधे भाताचा डोंगर, कोंबडी, उकडलेली अंडी. सागिमान घड्याळाखाली, त्याच्या एका बाजूला मौलवीसाहेब, दुसऱ्या बाजूला योरिस मांडी घालायला जमेना म्हणून पाय गोळा करून बसलेला. तेवढ्यात उशिरा एक पाहुणे आले आणि कासिदीला हलवायला कारण मिळालं. तो म्हणाला, सागिमानदादा, जरा पूर्वेला सरका, पाहुण्यांना जागा द्या. पूर्वेला योरिस होता, आणि योरिसच्या पलीकडे मोकळी सतरंजी. सागिमानने मनात उलटवलं असणार, मग, मी सकाळी उठू नका म्हटलं होतं त्या धास्तीने, पुन्हा उलटवलं असणार. तो मोठ्या अदबीने, दोन्ही हात टेकून, पश्चिमेला सरकला आणि मौलवीसाहेबांच्या मांडीवर बसला.

खोली हसली. मौलवीसाहेबही हसले, म्हणाले, या वयात मला नातू मिळाला. कासिदी म्हणाला, "अहो, पूर्वेला. पूर्व विसरलात काय?" सागिमान उठला आणि त्याच दिशेने आणखी पुढे गेला. मग कुणी हसलं नाही.

विनार्नी दारात बाळाला घेऊन उभी होती. तिने बाळ नवऱ्याकडे दिलं.

जेवण आटोपून आम्ही सागिमानच्या ओट्यावर आलो तेव्हा ती शांतपणे बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "बाबा, किती दिवस झाले असं होतंय?" सागिमानने माझ्याकडे पाहिलं. मग सिगारेट शोधू लागला. ती म्हणाली, आता मी विचारत नाही, सांगते. उद्या निघायचं. रिक्षा कासिदीकाका विकतील. मी मधे बोलायला गेले की हे म्हातारपण नव्हे, ही तुझीच शिकवणी आहे, तुझ्या अंगणातली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, तुम्ही त्यांना पाठीशी घालताय." ते खरंही होतं. सागिमान आता काडेपेटी चाचपत होता. त्याचा चेहरा मी इतका वेळ समोरून कधी पाहिला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं की मुलगी बरोबर आहे की नाही. आपण चळलोय की नाही, हे ज्याचं त्याला कसं कळणार? पोट फिरलं की डोकं, हे दोन्ही आतच असतात.

पोनिरा इतका वेळ भांडी आत नेत होती. ती पाटी खाली ठेवून बाहेर आली.

"मग गाडीत माझी पण जागा धर," ती म्हणाली. "पाहुणी म्हणून नव्हे. मीही चळलेय."

विनार्नी म्हणाली, "आई, थट्टा नको."

"थट्टा कसली? परत आल्यापासून माझी चूल दक्षिणेला आहे. सूर्य रोज तुझ्या बापाच्या रिक्षाच्या भलत्या अंगाने येतो. बाजारात जायचं मी का सोडलं? गुडघे दुखतात म्हणून? गुडघे मस्त आहेत माझे. तू रोज बापाला अंगणात उभं करून म्हणवून घेत होतीस ना, तेव्हा मी तिथेच तांदूळ निवडत बसले होते. ऐकून ऐकून मलाही पटलं."

सागिमानचा हात काडेपेटीवरच थांबला. "अगं, मग परवा कबरस्तानात जाताना तू पुढे चालत होतीस ती?"

"मी कुठे पुढे होते? तुमच्या पायांकडे बघून चालत होते."

"मी तुझ्या पायांकडे बघत होतो."

"मग पोचलो कसे?"

यावर दोघंही विचारात पडले. अजून त्यांना कळलेलं नाही ते कसे पोचले. मलाही नाही.

विनार्नी पायरीवर बसली. मला वाटलं, आता दोघांना एकदम घेऊन जाईल. तिने मात्र जावयाच्या हातातल्या बाळाकडे पाहिलं. मग जमिनीकडे बघून म्हणाली, "मी बाबांना शिकवलं खरं. पण मला स्वतःला अजून पटलेलं नाही." कुणाला काही कळेना. ती म्हणाली, लग्न करून गेले त्या दिवसापासून सेमारांगमध्ये सकाळी डोळे उघडले की सूर्य पश्चिमेला असतो. डोंगर उत्तरेला असतो. ती रोज उठून मनात सगळं उलटं करते आणि कामाला जाते. तिथे ती उजवं-डावं म्हणते, भागतं. नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. वर्षातून दोनदा इथे आलं, गाडीतून उतरलं की सगळं आपोआप जागेवर बसतं. तेवढे चार दिवस.

जावई बाळाला घेऊन उभा होता. तो म्हणाला, "मला वाटायचं, तू वळणावर थांबतेस ती गाडीला घाबरतेस म्हणून."

"आम्ही तुझ्याकडे होतो तेव्हा तुला बरं वाटत होतं का गं?" पोनिराने विचारलं.

विनार्नीने मान हलवली. हो म्हणाली की नाही, मला कळलं नाही. आमच्याकडची मान दोन्हीकडे सारखीच हलते. पण रिक्षा विकायचा विषय तिने पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा गाडीत ते तिघंच होते. जावयाने काच खाली करून मोठ्या रस्त्याला कसं लागायचं ते विचारलं. सागिमानने एकीकडे अंगठा केला, पोनिराने तिकडेच केला, मी आणि विनार्नीने उलट्या बाजूला केला, आणि योरिस म्हणाला, डावीकडे. जावई योरिसचं ऐकून गेला.

आता सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. त्याने भानगड कमी झाली नाही, वाढली. काही लोक समजूतदार आहेत. उत्तरेला जायचं असलं की सागिमानला दक्षिण सांगतात. काहींना हे खोटं बोलल्यासारखं वाटतं, ते उत्तरच सांगतात. सागिमानला प्रत्येकाकडे बघून ठरवावं लागतं की हा कुठल्या पंथाचा. पोनिरा पुन्हा बाजारात जायला लागली आहे. लोकांना विचारत विचारत जाते, त्यामुळे तिला आधीपेक्षा जास्त बातम्या कळतात.

काल मला पुन्हा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. मी समजूतदारांपैकी आहे, म्हणून बसता बसता म्हटलं, दक्षिणेला चला. मागून खोकला आला, पण चाक हललं नाही.

"बाई," सागिमान म्हणाला, "दक्षिण कुणाची? तुमची की माझी?"

मी म्हटलं, तुमची. मग लगेच वाटलं, तो माझ्यासाठी उलटं करून घेत असेल, मी त्याच्यासाठी. तर एकाने थांबायला हवं. मी म्हटलं, थांबा, माझी. तो उतरून पुढे आला. आम्ही दोघांनी मिळून डोंगर शोधला. डोंगर ढगात होता.